परदेशात इंग्रजी शिकवायला निघालात? मग मालिका अशा पाहा

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत इंग्रजी घेऊन बी.ए. आणि त्यावर बी.एड. झालेली बरीच मुले-मुली आहेत. टीईटी झाली, अभियोग्यता चाचणी झाली, पवित्र पोर्टलवर नाव नोंदले. आता भरती निघेपर्यंत सापगाव, किन्हवली, सरळगाव, टोकावडे अशा कुठल्या तरी गावात तासिका तत्त्वावर किंवा खासगी शिकवणीत इंग्रजी शिकवणे चालू आहे. रात्रीची जेवणे झाली की याच मुलांच्या मोबाइलवर कोरियन, जपानी, थाई मालिका सुरू होतात. मग कधीतरी मनात येतेच की, शिकवता येते, तिकडची माणसेही ओळखीची वाटू लागली आहेत, तर तिकडे जाऊनच का शिकवू नये?

हा लेख तसा विचार करणाऱ्यांसाठी आहे, आणि जे आधीच तिकडे पोहोचले आहेत त्यांच्यासाठीही. मला त्यात एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. इंग्रजी शिकवायला परदेशी गेलेल्या माणसाला शाळेने ठेवलेलेच असते इंग्रजी बोलण्यासाठी. त्यामुळे दोन-तीन वर्षे राहूनही त्याला तिथल्या भाषेचा गंध लागत नाही. शिक्षकखोलीत तो एका कोपऱ्यात असतो, मुलांच्या घरी काय चालले आहे ते त्याला कळत नाही, आणि करार संपला की तो जसा गेला तसा परत येतो. रोज संध्याकाळी थोडा वेळ, पण नीट पाहिलेली तिथली मालिका हे टाळू शकते. ‘नीट’ म्हणजे कशी, ते पुढे सविस्तर सांगतो. त्याआधी थोडे कटू.

दार कुठले उघडे आहे ते आधी बघा

मालिकेतली शाळा आवडली म्हणून देश निवडू नका. देश व्हिसाच्या अटी वाचून निवडायचा असतो. दक्षिण कोरियात परदेशी भाषा शिकवण्यासाठी ई-२ नावाचा व्हिसा आहे आणि इंग्रजीसाठी तो मुळात सातच देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. आपल्यासाठी एक वेगळी वाट आहे. भारत आणि कोरिया यांच्यातला सेपा हा आर्थिक भागीदारी करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला. त्यात शाळांमधल्या इंग्रजीच्या सहायक शिक्षकांचा समावेश आहे. पदवीबरोबर शिक्षकाची अर्हता लागते, म्हणजे तुमचे बी.एड. इथे कामाचे आहे. जागा मात्र थोड्या असतात. आणि ही वाट शाळांची आहे. हागवॉन म्हणजे तिकडच्या खासगी शिकवण्या. तिथे नोकरी लावून देतो असे कुणी सांगू लागला तर कुठल्या व्हिसावर, हे त्याला लेखी विचारा.

जपानमध्ये शाळेत इंग्रजी शिकवण्याच्या व्हिसाला सर्वसाधारणपणे बारा वर्षे इंग्रजी माध्यमातून शिक्षण झाल्याची अट असते. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून आलेल्यांना ही अट आडवी येते, कितीही चांगले इंग्रजी येत असले तरी. हे वाचून निराश होण्यापूर्वी आपल्याच जिल्ह्यातल्या एका माणसाचा मार्ग बघा. अंबरनाथला जन्मलेले योगेंद्र पुराणिक पुण्यात जपानी शिकले, संगणक क्षेत्रातल्या नोकरीने जपानला गेले, पुढे तिथले नागरिक झाले. २०१९ मध्ये ते तोक्योतल्या एदोगावा विभागाच्या सभागृहात निवडून आले आणि २०२३ मध्ये इबाराकी प्रांतातल्या त्सुचिउरा इथल्या सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. ठाणे जिल्ह्यातला माणूस जपानी शाळेच्या मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसला तो जपानी भाषेच्या बळावर. इंग्रजीचे दार बंद असेल तिथेही हे दुसरे दार राहते, म्हणून मालिकांकडे मी इतक्या गंभीरपणे पाहतो.

थायलंड आणि व्हिएतनाम इथे आपल्या माणसांना त्या मानाने सोपे जाते. पदवी, इंग्रजी शिकवण्याचे प्रमाणपत्र, टोइक किंवा आयईएलटीएससारख्या परीक्षेचे गुणपत्रक आणि पोलिसांचा दाखला लागतो. थायलंडमध्ये शिक्षक परिषदेचा परवाना किंवा त्यातून तात्पुरती सूट, शिवाय कामाचा परवाना हवा. ‘आधी पर्यटक म्हणून या, कागद नंतर करू’ असे जो सांगेल त्याच्याशी पुढे बोलूच नका. नोकरीच्या नावाखाली थायलंडला बोलावून म्यानमारच्या हद्दीत नेलेल्या आणि तिथे सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले. एजंट नोंदणीकृत आहे का, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. नियमाप्रमाणे त्याला ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढेच शुल्क घेता येते. लाखांत मागणाऱ्याला घरचे शेत विकून पैसे देऊ नयेत.

कागदांना वेळ लागतो, म्हणून ते आजच सुरू करा. पदवीचे राज्य शासनाकडून साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल किंवा त्या देशाच्या दूतावासाचा शिक्का, आणि पासपोर्ट सेवा संकेतस्थळावरून पोलीस दाखला. यात जे महिने जातील ते मालिकांचे महिने समजा.

कुठली मालिका

नुसत्या गाजलेल्या मालिका घेऊ नका. राजघराण्यातल्या भानगडी, पुनर्जन्म, अब्जाधीशाचा मुलगा आणि गरीब मुलगी, हे सगळे रंजक असते. पण त्यातली भाषा शाळेत वापरायला गेलात तर मुले हसतील. ऐतिहासिक कोरियन मालिकेतले बोलणे आज कुणी बोलत नाही. तुम्हाला हवी शाळा, घर आणि कचेरी.

कोरियाला जाणाऱ्याने सर्वांत आधी ‘ब्लॅक डॉग’ पाहावी. २०१९ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेली ही सोळा भागांची मालिका एका खासगी हायस्कूलमध्ये मुदतीच्या करारावर लागलेल्या तरुण शिक्षिकेची आहे. कायम शिक्षक आणि करारावरचे शिक्षक यांच्यातले अंतर, कुणाच्या टेबलाशी कोण बसते, वरिष्ठांपुढे कागद कसा ठेवायचा, परीक्षेच्या एका प्रश्नावरून पालक कसे उठतात, सगळे त्यात आहे. तासिका तत्त्वावर किंवा शिक्षण सेवक म्हणून राबलेल्या आपल्या माणसाला ती पाहताना कुणी समजावून सांगावे लागणार नाही. कचेरीतल्या वागण्यासाठी २०१४ ची ‘मिसेंग’ पाहा. घरातल्या भाषेसाठी ‘रिप्लाय १९८८’ घ्या. सोलमधल्या एका गल्लीतल्या पाच कुटुंबांची ही गोष्ट. पहिल्याच भागात आया मुलांच्या हातून एकमेकींच्या घरी भांड्यातून कालवण पाठवत राहतात. सापगावात वाढलेल्याला त्या गल्लीत परके वाटायचे कारण नाही.

जपानसाठी माझी पहिली शिफारस एनएचके या तिथल्या सार्वजनिक वाहिनीच्या सकाळच्या मालिकांची. भाग पंधरा मिनिटांचा, सोमवार ते शुक्रवार, सकाळी आठ वाजता. जगभर गाजलेली ‘ओशिन’ याच मालिकांपैकी. १९८३-८४ मध्ये तिचे २९७ भाग झाले. शिक्षकाला पंधरा मिनिटांचा भाग फार सोयीचा, कारण तो दोनदा पाहता येतो. शाळेसाठी ‘किम्पाची सेन्सेई’ बघा. १९७९ ते २०११ अशी तीन दशके अधूनमधून येत राहिलेली ही मालिका एका माध्यमिक शाळेच्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गाची आहे. जुने भाग दिसायला जुनाट आहेत, तरी शिक्षकाने पालकांशी कसे बोलायचे ते त्यांतून जितके शिकायला मिळते तितके नव्या चकचकीत मालिकांतून मिळत नाही.

थायलंडसाठी मालिकेऐवजी मी आधी एक चित्रपट सांगेन. २०१४ चा ‘द टीचर्स डायरी’ तलावावर तरंगणाऱ्या एका शाळेतल्या दोन शिक्षकांचा आहे. २०१९ चा हिंदी ‘नोटबुक’ त्यावरूनच केला. डोळखांबच्या पलीकडच्या पाड्यावर एकशिक्षकी शाळा ज्यांनी पाहिली आहे त्यांनी मूळ थाई चित्रपट जरूर पाहावा. मग ‘हॉर्मोन्स’ ही २०१३ ची शाळकरी मुलांची मालिका घ्या.

अजून एक गोष्ट. नेमणूक कुठल्या भागात होणार आहे ते कळले की त्या भागातली मालिका शोधा. बुसानची बोली सोलपेक्षा वेगळी आहे, आणि जेजू बेटाची बोली तर इतकी वेगळी की २०२२ च्या ‘अवर ब्लूज’मधल्या काही संवादांना कोरियातच कोरियन उपशीर्षके द्यावी लागली. पुण्याची मराठी शिकून आलेल्याने आपल्याकडच्या आगरी किंवा ठाकरी बोलीपुढे कसे गोंधळून जावे, तसे तुमचे होऊ नये.

पाहायची रीत

पहिल्या फेरीत भाग हिंदीत किंवा इंग्रजी उपशीर्षकांसह पाहा, गोष्टीसाठी. त्यात काही गैर नाही. गोष्ट कळल्याशिवाय भाषेकडे लक्ष जात नाही. मात्र इथेच थांबलात तर करमणूक झाली, शिक्षण झाले नाही. हिंदी भाषांतरात माणसे एकमेकांना काय म्हणतात तेच पुसले जाते, आणि तुम्हाला नेमके तेच हवे आहे.

दुसऱ्या फेरीत पूर्ण भाग पाहू नका. एक प्रसंग निवडा, दोन-तीन मिनिटांचा. आवाज मूळ भाषेत, उपशीर्षकेही मूळ भाषेत. थांबवा, मागे न्या, पाच वाक्ये वहीत उतरवा. ती मोठ्याने म्हणा, त्या पात्राच्याच वेगाने आणि सुरात. पहिल्या आठवड्यात देवनागरीत लिहिले तर चालेल, नंतर मात्र तिथल्याच लिपीत लिहा. देवनागरीत कोरियनचे दोन वेगळे स्वर एकाच ‘ओ’त मिसळून जातात आणि ती चूक मग जिभेवर पक्की बसते.

लिपीला घाबरू नका. कोरियन हांगुल लिपी राजा सेजोंगने १४४३ मध्ये सिद्ध केली आणि १४४६ मध्ये लोकांसमोर आणली. तिची आजची मूलभूत अक्षरे चोवीस, आठवडाभरात वाचता येऊ लागतात. ‘क’ आणि ‘ख’ हा फरक जिथे अमेरिकन शिक्षकांना महिनोन्महिने छळतो तिथे तुम्हाला तो आईच्या भाषेतून मिळालेला आहे. जपानी हिरागानाचा आ-ई-ऊ, मग का-सा-ता-ना असा क्रम भारतीय वर्णमालेच्या अभ्यासातून तिकडे गेला. वाक्यरचनेचेही तसेच. कोरियन आणि जपानी या दोन्ही भाषांत क्रियापद शेवटी येते आणि ‘घरात’, ‘घरून’, ‘घराला’ यांसारखे प्रत्यय नामाच्या मागे लागतात. इंग्रजीतून विचार करून वाक्य जुळवू नका. मराठी वाक्य मनात धरा आणि शब्द बदला, बहुतेक वेळा वाक्य बरोबर येते. हा आपला मोठा फायदा आहे आणि बहुतेक मराठी मुले तो वापरतच नाहीत, कारण इंग्रजी पुस्तकातून शिकताना ती इंग्रजीच्या वाटेने जातात.

तिसरी फेरी कानांची. पाहून झालेल्या भागाचा फक्त आवाज ऐका. आसनगावहून ठाण्याला जाणाऱ्या लोकलमध्ये तासाभराहून अधिक वेळ मिळतो. खिशात मोबाइल, कानात त्या पाच वाक्यांचा प्रसंग. चित्र नसताना वाक्य ओळखू आले की ते तुमचे झाले. ज्यांच्या गावात रेंज नाही त्यांनी शहापूरला किंवा मुरबाडला आल्यावर ॲपमध्येच भाग उतरवून न्यावा.

या पद्धतीने एक भाग व्हायला आठवडा लागेल. लागू द्या. एक मालिका तीनदा पाहिलेल्याला जेवढे येते तेवढे दहा मालिका एकदा पाहिलेल्याला येत नाही, हे माझे ठाम मत आहे. सोबत पाठ्यपुस्तक हवेच. जपान फाउंडेशनचे ‘इरोदोरी’ हे रोजच्या जगण्याच्या भाषेचे पुस्तक आवाजासह मोफत मिळते. एनएचके वर्ल्डचे जपानी धडे आणि किंग सेजोंग इन्स्टिट्यूटचे ऑनलाइन कोरियन धडेही मोफत आहेत. वर्गात बसून शिकायचे असेल तर पुण्याचे रानडे इन्स्टिट्यूट आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठ जपानीसाठी जुनी, भरवशाची ठिकाणे आहेत. जपानीच्या जेएलपीटी परीक्षेत एन-५ ही सर्वांत खालची पायरी, कोरियनच्या टोपिकमध्ये पहिली आणि दुसरी पातळी. जाण्यापूर्वी एवढी पार करता आली तर मुलाखतीत तुमच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतील.

कुणाला काय म्हणायचे

मालिका पाहून शिकणाऱ्यांची सर्वांत महागडी चूक इथे होते. मालिकेत बहुतेक बोलणे मित्रांचे, प्रेमिकांचे, भावंडांचे असते, आणि तेच कानात बसते. कोरियनमध्ये त्या बोलण्याला बानमाल म्हणतात. ते मुख्याध्यापकांशी बोललात तर ‘काय रे, जेवलास का’ असे विचारल्यासारखे होईल. वाक्याचा शेवट ‘यो’ने होतो का ‘निदा’ने होतो, की दोन्हीशिवाय संपतो, याकडे कान ठेवा. वहीत प्रत्येक वाक्यासमोर कोण कुणाशी बोलले ते लिहा: शिक्षिका पालकांशी, उपमुख्याध्यापक शिक्षकांशी, मुलगा आजीशी. ही एक सवय लावून घेतलीत तरी लेखाचे काम झाले.

‘स्क्विड गेम’ तुम्ही पाहिली असेल. दिल्लीचे अनुपम त्रिपाठी, जे कोरियाच्या राष्ट्रीय कला विद्यापीठात अभिनय शिकले, त्यांनी त्यात अली नावाचा पाकिस्तानी कामगार केला आहे. अली सुरुवातीला सांग-उ या कोरियन सहखेळाडूला ‘साजांगनिम’ म्हणत राहतो. परदेशी कामगार मालकाला जे म्हणतो तेच. मग सांग-उ त्याला म्हणतो की मला ‘ह्योंग’ म्हण, म्हणजे मोठा भाऊ. पुढे जो विश्वासघात होतो त्याची सगळी धार त्या एका संबोधनात आहे, आणि भाषांतरात ती बोथट होते. मूळ आवाजात तो भाग पुन्हा पाहा. परदेशी माणसाला तिथे कुठल्या नावाने जागा मिळते, ते यातून जितके समजेल तितके कुठल्याही व्याख्यानातून समजणार नाही.

शाळेत मात्र सोपे आहे. कोरियात सहशिक्षकाला नावामागे ‘सॉन्सेंगनिम’ लावून हाक मारा, जपानमध्ये ‘सेन्सेई’. नुसत्या नावाने कधीच नको, वय तुमच्याएवढे असले तरी. खानावळीतल्या बाईला कोरियात ‘इमो’ म्हणजे मावशी म्हणतात. तिथे तुम्हाला जड जाणार नाही. वयाबद्दल एक टीप: कोरियाने २८ जून २०२३ पासून कायद्याच्या कामांसाठी आंतरराष्ट्रीय पद्धतीचे वय स्वीकारले. त्याआधीच्या मालिकांत माणसे आपले वय एक-दोन वर्षांनी जास्त सांगतात, त्याने गोंधळू नका.

मालिकेत जे खोटे असते

वर्गात मुलांना मारणारा पण मनाने चांगला शिक्षक, विद्यार्थिनीच्या घरी रात्री धावून जाणारा शिक्षक, मुलांना जवळ घेऊन रडणारा शिक्षक हे पडद्यावरच ठेवा. कोरियात काय किंवा जपानमध्ये काय, मुलावर हात उगारणे बेकायदा आहे आणि परदेशी शिक्षकाची नोकरी त्यात एका तक्रारीने जाते. २०२३ च्या उन्हाळ्यात सोलमध्ये हजारो शिक्षक रस्त्यावर उतरले होते ते पालकांच्या तक्रारींचा जाच असह्य झाल्यामुळे. वाद झाला तर सहशिक्षकाला मध्ये घ्या, स्वतः पालकांना संदेश पाठवू नका.

खरे असते ते बारीकसारीक असते आणि मागे कुठेतरी चालू असते. दारात बूट काढून आतले बूट घालणे. कागद दोन्ही हातांनी देणे-घेणे. जपानमध्ये शाळा झाडायला-पुसायला मुलेच असतात आणि शिक्षकही फडके घेतो. दुपारचे जेवण मुलांबरोबर होते. थायलंडमध्ये जूनच्या सुमारास ‘वाई ख्रू’चा दिवस येतो, मुले फुले घेऊन शिक्षकांपुढे गुडघ्यावर बसतात. त्या दिवशी ओशाळून ‘नको नको’ म्हणू नका. आपल्याकडच्या गुरुपौर्णिमेसारखे शांतपणे स्वीकारा. कोरियात शिक्षक दिन १५ मेला, थायलंडमध्ये १६ जानेवारीला, व्हिएतनाममध्ये २० नोव्हेंबरला असतो. कोरियात नोव्हेंबरमध्ये विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा होते तेव्हा इंग्रजी ऐकण्याच्या चाचणीपुरती विमानांची ये-जाही थांबवतात. ज्या विषयासाठी विमाने थांबतात तो विषय तुम्ही शिकवणार आहात, हे लक्षात असू द्या.

जेवणाबद्दल जरा जास्त सांगायला हवे, कारण आपल्या भागात माळकरी घरे पुष्कळ. मालिकेत शाळेतल्या लोकांची रात्रीची एकत्र जेवणे दिसतात, कोरियात त्याला ह्वेशिक म्हणतात. मांस भाजले जाते, दारूचे पेले भरले जातात, वरिष्ठ ओततो आणि कनिष्ठ दोन्ही हातांनी पेला धरतो. तुम्ही मांस खात नसाल आणि पीत नसाल तरी जा. न जाणे जास्त खटकते. पेला पाण्याने भरून घ्या, दुसऱ्याचा भरा, आणि वाक्य आधीच तयार ठेवा. कोरियनमध्ये ‘चॉनन गोगिरुल आन मॉगॉयो’, जपानीमध्ये ‘निकु वा ताबेमासेन’, दोन्हींचा अर्थ मी मांस खात नाही. एवढ्याने मासळी टळत नाही हेही माहीत असू द्या. किमचीत बहुतेक वेळा मासळीचा रस असतो, जपानी सारात सुक्या माशाचा अर्क. थायलंडमध्ये ‘जे’ म्हणून विचारा. पिवळ्यावर तांबड्या अक्षरांची पाटी दिसली की तिथे पूर्ण शाकाहार. पहिल्या महिन्यासाठी घरून मेतकूट, चटण्या, पोहे न्यावेत. मात्र त्या देशात कुठले खाद्यपदार्थ आणायला बंदी आहे ते आधी पाहा.

वर्गात मालिका

वर्गात मालिका सर्वांत जास्त कामाला येते, आणि बहुतेक शिक्षकांना ते सुचत नाही. मुले इंग्रजी बोलत नाहीत कारण बोलण्यासारखे काही नसते. पाठ्यपुस्तकातल्या लंडनच्या सहलीबद्दल सोलच्या उपनगरातल्या मुलीला काय वाटणार? पण काल रात्रीच्या भागात काय झाले, ते तिला सांगायचे असते. तुम्ही म्हणा, मला कोरियन नीट कळले नाही, तूच सांग. आता माहिती तिच्याकडे आणि अडाणी तुम्ही. ती भूतकाळातली दहा वाक्ये बोलून जाईल. पुढच्या भागात काय होईल विचारा, भविष्यकाळ झाला. ‘तू तिच्या जागी असतीस तर’ विचारा, जर-तरची वाक्ये झाली.

दुसरा प्रयोग: मिनिटभराचा तुकडा आवाज बंद करून दाखवा, जोड्यांनी इंग्रजी संवाद लिहायला सांगा आणि मुलांनाच आवाज द्यायला लावा. शेवटी मूळ आवाज ऐकवा. हसण्याने वर्ग दणाणतो आणि त्या दिवशी गप्प बसणारेही बोलतात. दाखवण्याआधी मालिकेचे वयाचे मानांकन पाहा. ‘स्क्विड गेम’ कोरियात प्रौढांसाठीच आहे. मुलांनी ती पाहिलेली असली तरी तुम्ही वर्गात तिचे नाव काढू नका. सहशिक्षकाला तुकडा आदल्या दिवशी दाखवून संमती घ्या.

हे सगळे करून पाहायला परदेशी जावे लागत नाही. सापगावच्या शिकवणीतल्या आठवीच्या मुलांबरोबर उद्याच करा, हवी तर मराठी मालिका घेऊन. मुलाखतीत ‘तुम्ही वर्गात वेगळे काय केलेत’ हा प्रश्न येतोच, तेव्हा सांगायला स्वतःचे काहीतरी असेल.

पैसा, कायदा आणि रात्र

आपल्याकडे टेलिग्रामवरून मालिका उतरवण्याची सवय आहे. विमानात बसण्यापूर्वी ती सोडा. जपानमध्ये चोरीचे चित्रफीत-संगीत जाणूनबुजून उतरवणे १ ऑक्टोबर २०१२ पासून फौजदारी गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा वीस लाख येनपर्यंत दंड. व्हिसावर असलेल्या माणसाने अशा गोष्टीच्या जवळही जाऊ नये. भारतात घेतलेले सदस्यत्व तिकडे चालले तरी यादी बदलते, हिंदी आवाज गायब होऊ शकतो. पहिली फेरी हिंदीत करायची मालिका इथेच पाहून घ्या. जपानमध्ये खोलीत टीव्ही असेल तर एनएचकेची वर्गणी भरावी लागते. दारावर माणूस आला की घाबरू नका.

रात्रीचे मात्र सांभाळा. सोल आणि तोक्यो आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहेत. सापगावात नऊ वाजता आई फोन करते तेव्हा तिकडे साडेबारा झालेले असतात. फोन ठेवल्यावर घर आठवते, झोप येत नाही, आणि एक भाग संपला की दुसरा आपोआप सुरू होतो. परदेशातल्या पहिल्या हिवाळ्यात कितीतरी जण असे पहाटेपर्यंत जागत राहतात आणि सकाळी वर्गात पेंगतात. घरचा फोन तिकडच्या संध्याकाळी, म्हणजे इकडच्या दुपारी, ठरवून घ्या. भाग एकट्याने पाहण्याऐवजी आठवड्यातून एकदा एखाद्या सहशिक्षकाबरोबर किंवा शेजारच्या आजींबरोबर पाहा. त्या थांबवून सांगतील, तुम्ही विचाराल, आणि मालिका संपल्यावर जेवायला थांबायचे आमंत्रण मिळेल. एकटेपणा फार वाढला, रडू येऊ लागले, वर्गात जावेसे वाटेनासे झाले, तर मालिका हा त्यावर इलाज नाही. डॉक्टरांकडे जा आणि घरी खरे सांगा.

शेवटी एक विनंती, जे आज तिकडे शिकवत आहेत त्यांना. कोरियन, जपानी किंवा थाई शिकण्याची बहुतेक साधने इंग्रजीत आहेत, आणि त्यामुळे आपल्या तालुक्यांतली मुले आधी इंग्रजीशी झगडतात, मग त्या भाषेशी. तुम्ही मालिकांतून उतरवलेली वाक्ये, कोण कुणाशी बोलले त्या नोंदींसह, मराठीत लिहून ठेवा. सुट्टीत गावी याल तेव्हा ती वही शहापूरच्या किंवा मुरबाडच्या एखाद्या वाचनालयाला द्या, आणि एक प्रत तुम्ही जिथे शिकलात त्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंना.